एका बटणाची पेटी

तिसऱ्यांदा सर्व्हर सुरू झाला आणि तिसऱ्यांदा त्याचं नेटवर्क गायब. साडेआठला अपग्रेडला हात घालताना तो साहेबांना म्हणाला होता, "अर्ध्या तासाचं काम आहे." आता साडेदहा वाजले होते. नव्या सिस्टिमने आल्या आल्या नेटवर्क कार्डाचं नाव बदललं होतं आणि जुन्या सेटिंग्ज जुन्याच नावाने हाका मारत बसल्या होत्या. त्या दुरुस्त केल्या, तर जोडणी क्षणभर यायची आणि पुन्हा जायची. बाहेर मालवाहतुकीचं अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसलं होतं. कुठला ट्रक कुठे पोहोचला, कुणाला पत्ता नव्हता. दर पाच मिनिटांनी कुणीतरी दारातून डोकावून विचारायचं, "झालं का?" कारकून तर तिसऱ्यांदा आला तेव्हा चहा घेऊनच आला. दुखवट्याला आल्यासारखा दोन मिनिटं उभा राहिला आणि गेला.

याच सर्व्हरवर त्याने गुपचूप घरचंही एक काम लावून दिलं होतं. आई गेल्यापासून बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. मोबाईलशी त्यांचं कधी जमलं नाही. म्हणून त्याने त्यांना गळ्यात अडकवायची एक छोटी पेटी बनवून दिली. तिच्यावर एकच बटण. जास्त असती तर बाबांचा गोंधळ उडाला असता. रोज नऊला त्यांनी ते दाबायचं, की या सर्व्हरमार्फत त्याच्या आणि ताईच्या फोनवर निरोप उमटायचा : मी ठीक आहे.

"आणि ठीक नसलो तर?" बाबांनी विचारलं होतं.

"तर दाबू नका. निरोप आला नाही, की मी निघालोच समजा."

"म्हणजे काहीच करायचं नाही. हे जमेल मला," बाबा हसून म्हणाले होते.

पावणेअकराला परगावाहून ताईचा फोन आला. "बाबांचा निरोप नाही आला आज. घरचा फोनही नुसता वाजतोय."

"अगं, आज कुणाचंच काही येत नाहीये. सर्व्हरचा घोळ आहे. आणि बाबा फोन कधी उचलतात?"

"तू जाऊन येतोस का?"

"ताई, डोकं खाऊ नकोस. इथे सगळे माझ्या नावाने बोटं मोडताहेत. पेटी निरोप साठवून ठेवते. नेटवर्क आलं, की येईल."

दुखणं सापडायला साडेअकरा झाले. नेटवर्क सांभाळणारी जुनी व्यवस्था अपग्रेडनंतरही मागे राहिली होती, आणि ती व नवी एकाच कार्डावरून भांडत होत्या. त्याने जुनी बंद केली. जोडणी आली. एक मिनिट टिकली, पाच मिनिटं टिकली. बाहेर टाळ्या वाजल्या. साहेबांनी दारातूनच अंगठा दाखवला.

खिशातला फोन थरथरला. मी ठीक आहे.

त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने लगेच ताईला लिहिलं, "आला बघ. उगाच घाबरतेस."

फोन पुन्हा थरथरला. मी ठीक आहे. मग पुन्हा. मग थांबेचना. म्हातारा वैतागून बटण बडवत बसलेला दिसतोय, असं म्हणत तो हसला. सदतीस निरोप आले. मग त्याने प्रत्येकापुढची वेळ पाहिली.

नऊचा निरोप त्यात नव्हताच. ठीक नव्हते, म्हणून ठरल्याप्रमाणे बाबांनी नऊला बटण दाबलं नव्हतं. चाळीस मिनिटं त्यांनी त्याची वाट पाहिली होती. पहिला निरोप नऊ चाळीसचा होता, नंतरचे मिनिटामिनिटाला, मग विरळ होत गेलेले. शेवटचा दहा बावन्नचा. सदतीसच्या सदतीस निरोपांत एकच वाक्य होतं : मी ठीक आहे. दुसरं काही म्हणायची सोय त्याने ठेवलीच नव्हती.