एकच माप

आई कपड्यांच्या कारखान्यात पॅटर्नवरून लहानमोठी मापं काढायची. एकाच मापाचा ड्रेस एका देशात 'लार्ज' म्हणून जातो आणि दुसऱ्या देशात 'स्मॉल' म्हणून, हे तिला तोंडपाठ होतं. पण तिची लेक स्वतःच्या ड्रेसच्या लेबलवर 'लार्ज' वाचल्यापासून दोन घास खाऊन ताटावरून उठायची. "अगं, नुसती चिंधी आहे ती!" आई कानीकपाळी ओरडायची. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी आईने युक्ती केली. कारखान्यातून तोच ड्रेस आणला, त्याच मापाचा. फक्त रंग निळा आणि लेबल दुसऱ्या देशाचं, 'स्मॉल'. आता तरी पोर पोटभर जेवेल, म्हणून तिच्या आवडीचं रांधून ताट वाढून ठेवलं.

लेक निळा ड्रेस घालून नाचतच स्वयंपाकघरात आली. "आई, स्मॉल! अगदी मापात बसला गं!"

"अगं, माप तेच आहे, नुसतं लेबल..."

"पुरे! तुला ना, माझं कौतुकच नाही. इतके दिवस पोट मारलं, त्याचं चीज झालं."

आणि समोरचं भरलं ताट बाजूला सारत ती म्हणाली, "आता एक्स्ट्रा स्मॉल आण."