तीनदा लावून पाहणे

“आई, थांब! हात काढ तिथून.”

लेक स्वयंपाकघरातून जवळजवळ धावतच आली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरं होती: पासवर्ड चुकीचा आहे. एक संधी शिल्लक. म्हणजे आईचं दोनदा चुकवून झालं होतं. तिसऱ्यांदा चुकलं की गॅसचं खातं दिवसभर बंद, आणि सिलिंडर लांबला. गेले चार महिने हेच चाललं होतं. मागच्या महिन्यात आईने दोन दिवस पाव आणि केळ्यांवर काढले आणि फोनवर मात्र “जेवले गं, पोटभर” असं सांगितलं. खरं लेकीला शेजारणीकडून कळलं. आज ती रिकामी बॅग घेऊनच आली होती. आईचे कपडे भरायचे आणि तिला आपल्या घरी न्यायचं. आईचे एकटीने राहायचे दिवस संपले, हे कोणीतरी तिला सांगायला हवं होतं, आणि ते काम एकुलत्या एका मुलीच्या वाट्याला आलं होतं.

खरं तर आई विसरते, हेच लेकीच्या गळी उतरत नव्हतं. आई टेलिफोन ऑपरेटर होती. तेव्हा फोनला ना चकती होती ना बटणं. रिसीव्हर उचलला की थेट एक्स्चेंजमधून आईचा आवाज यायचा. गावातले चारशे नंबर तिला तोंडपाठ. “डॉक्टरांना लावा,” एवढं कोणी म्हणायचा अवकाश, आईने बोर्डात वायर खोचलीच. समोरच्या गल्लीतला एक घड्याळवाला तर दुकानात पन्नास घड्याळं टिकटिकत असताना रोज सकाळी नऊला एक्स्चेंजला फोन लावून वेळ विचारायचा. वर्षभर त्याने वेळ विचारली. मग लग्नाचं विचारलं. बाबा तो किस्सा सांगताना स्वतःच इतके लाजायचे की लेकीला अजून आठवून हसू येतं.

“पासवर्ड वहीत लिहून ठेव म्हटलं होतं ना मी?”

“लिहायचे कशाला? कोणाच्या हाती लागले म्हणजे?” आई म्हणाली. “माझे सगळे डोक्यात आहेत. एकेका खात्याला एकेक जुना माणूस दिलाय. आधी त्याचा धंदा, मग त्याचा तेव्हाचा नंबर. बँकेला वकील, कारण तो कधी तोंड उघडायचा नाही. विजेला थिएटरवाला. त्याच्याकडे ऐन रंगात आलेल्या सिनेमात दिवे जायचे.”

लेकीला हसावं की रडावं कळेना. एवढ्या वर्षांनी, एवढ्या खात्यांचं, हे कसं आठवणार? तिने आईला एकेक खातं उघडून दाखवायला सांगितलं.

“तोंड तिकडे कर,” आई म्हणाली. “दुसऱ्याचा नंबर बघायचा नसतो.”

लेक निमूटपणे भिंतीकडे वळली. मागे बटणांचा आवाज येत राहिला, न अडखळता. बँक उघडली. वीज, पाणी, दवाखाना, ग्रंथालय, सगळी उघडली, आणि सगळी पहिल्याच फटक्यात. लेकीने तोंडात बोट घातलं. तिच्या स्वतःच्या ऑफिसचा पासवर्ड तिने पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवला होता.

“म्हणजे गॅसचाच तेवढा विसरलीस.”

“नाही गं. गॅसला बेकरीवाला.”

“आठवतोय? मग तो का टाकत नाहीस?”

आईने गॅसचं पान पुन्हा पुढे घेतलं. पासवर्डच्या चौकटीच्या वर ग्राहकाचं नाव होतं, बाबांचं, पूर्ण, आडनावासकट. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं नाव बँकेतून, वीजबिलावरून, पाणीपट्टीवरून लेकीनेच चार महिन्यांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी बसून काढलं होतं. एकदाचं उरकलं, असंही तेव्हा म्हणाली होती. गॅसचं तेवढं राहून गेलं होतं.

“दुसरीकडे कुठे दिसत नाही आता,” आई म्हणाली. “इथे नाव दिसलं की हात आपोआप दुकानाचा नंबर लावतो. घड्याळवाला, तीन-शून्य-सात.”

“पण आई, तो चुकीचा आहे. दर वेळी सांगतंय ना ते.”

“चुकीचा कसा असेल? मीच लावायचे तो.” आईने चष्मा काढून पदराने पुसला. “आमच्या एक्स्चेंजमध्ये नियम होता. पलीकडे कोणी उचललं नाही तर तीनदा लावून पाहायचं. तोवर ‘उत्तर मिळत नाही’ असं म्हणायचं नाही. एकदाच लावून सांगणाऱ्या मुलींना सुपरवायझर बाई फार बोलायच्या.”

पडद्यावरची लाल ओळ तशीच होती. एक संधी शिल्लक. लेकीला बाबांची फार आठवण आली. दोन वर्षांत कागदपत्रांच्या धबडग्यात आली नव्हती तेवढी आली. सकाळी नऊला फोन उचलून पन्नास घड्याळांच्या गलक्यात वेळ विचारणारे बाबा.

सिलिंडर उद्या सांगता येईल. तोवर ती इथेच राहणार होती. तिने रिकामी बॅग पायाने टेबलाखाली सारली, खुर्ची आईजवळ ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

“आई,” ती म्हणाली, “दोनदाच झालंय. अजून एकदा लाव.”