बापावरचं गाणं

पोराच्या बँडचा पहिला अल्बम आला आणि त्यातलं बापावरचं गाणं सगळ्यात जास्त गाजलं. "घुसमटलेल्या तरुणांचा आवाज," असं समीक्षकांनी लिहिलं. पोराने मात्र धास्तीने ड्रमवाल्या मित्राच्या घरी मुक्काम हलवला, कारण गाण्यातल्या त्या हेकट, करड्या शिस्तीच्या बापाचं केस कापायचं दुकान अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

शेवटी आईने फोनवर दटावलं, "आधी बापाला तोंड दाखव जा."

तो दुकानाच्या दाराशी आला, तर आत तेच गाणं मोठ्याने लागलेलं. वडिलांनी कीर्तनातल्या बुवांसारखा हात वर केला, केस कापायचं मशीन बंद केलं आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "जरा थांबा हं, आता माझं कडवं येतंय."

कडवं ऐकून गिऱ्हाईक चपापलं. "अहो, यात पोरगा तुमचे वाभाडे काढतोय की."

 

"काढू दे हो. घरात 'हं'च्या पुढे बोलत नव्हता, इथे चार कडवी बोलतोय."