थोरलीचं भाषांतर

परक्या मुलखात येऊन तीन महिने झाले, तरी आईबाबांचं गाडं इथल्या भाषेतल्या 'धन्यवाद'पुढे काही सरकलं नव्हतं. त्यामुळे शाळा बघायला गेल्यावर बोलायचा सगळा मान थोरलीचा! त्यात या शाळेत खराखुरा रंगमंच, चांगल्या मखमली पडद्यासकट. थोरली बघताक्षणीच पाघळली. पण बाबांचं ठरलेलं होतं, की दोघी बहिणी एकाच शाळेत जाणार, आणि सहा वर्षांची धाकटी बोलताना फार अडखळायची.

"विचार ना गं त्यांना," आई म्हणाली, "हिचं बोलणं सुधारायला इथे कुणी आहे का?"

थोरलीनं विचारलं. मुख्याध्यापिका हळहळल्या. "इथे नाही गं कुणी. पुलापलीकडच्या शाळेत मात्र त्यासाठी खास शिक्षिका आहेत. हिला तिथेच घाला."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, अजिबात काळजी करू नका. होईल सगळं नीट."

आईचा जीव भांड्यात पडला. "तू आहेस म्हणून निभावतंय हो आमचं," म्हणत तिनं थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला. बाबांनी तर तिथल्या तिथे फॉर्मवर सही ठोकली.

जिना उतरताना धाकटीनं थोरलीचा हात घट्ट धरला. शेजारच्या पोरांत खेळून खेळून ही किती भाषा शिकली, हे घरात कुणी तिला विचारलंच नव्हतं.

"ता... ताई," ती कुजबुजली, "मी आ... आईला नाही सां... सांगणार."