अस्वल-नऊची तक्रार

पडद्यावर ओळी धबाधबा पडायला लागल्या आणि बे यून-सलला आपला संघच दिसेनासा झाला.

"हाताला लकवा भरलाय का? जा, घरी जाऊन मुळे चीर." हेच वाक्य वीस वेळा. पाठवणाऱ्याचं टोपणनाव अस्वल-नऊ. ओळी थांबेपर्यंत यून-सलची बाजू हरली होती.

"मेलं ते अस्वल!" ती ओरडली.

"आजपण?" शेजारच्या चौदा नंबरवरच्या मावशीने मधल्या फळीवरून डोकं वर काढलं. "अगं पोरी, मग तक्रार कर ना त्याची. किती दिवस सांगतेय."

कॉम्प्युटरवर गेम खेळायची अशी दुकानं मोकपो शहराच्या बंदरामागे गल्लोगल्ली आहेत. मासळीच्या दुकानातली पाळी संपवून यून-सल रोज दुपारी चारला तेरा नंबरवर येऊन बसायची. शनिवारी शहराच्या संघाची निवड होती. गेमच्या क्रमवारीत पहिल्या शंभरात असेल त्यालाच बोलावणं, आणि ती होती एकशे चारावर. चोवीस वर्षांत दुसऱ्या कशातही ती इतकी पुढे गेली नव्हती. आणि आता ऐन वेळी तीन आठवडे हे अस्वल हात धुऊन मागे लागलं होतं.

शिव्या देणारे खूप असतात. पण हे अस्वल विचित्र होतं. शिवी देतानाही पूर्णविराम विसरत नसे. कधी एकच ओळ सावकाश यायची: "घाबरलीस? कर की तक्रार." बाकीचे खेळाडू त्याला चौपट शिव्या हासडून मोकळे व्हायचे. तक्रारीची उठाठेव कोण करणार?

मावशीचं मात्र यून-सलला कौतुक वाटे. पन्नाशीची बाई, दोन बोटांनी टकटक करत पत्त्यांचा डाव खेळते म्हणायची. घरी लेकीचं परीक्षेचं वर्ष, त्यामुळे टीव्हीसुद्धा बंद. शंभर दिवसांची प्रार्थना धरलेली, रोज मंदिरातून परस्पर इथेच यायची. जपमाळ मनगटाला आणि समोर घडी पडलेला प्रार्थनेचा कागद. त्यात बघून मधूनमधून पुटपुटायची. त्या पुटपुटण्याने यून-सललाही बरं वाटे.

बुधवारी ती एकशे अकरावर घसरली. हेडफोन काढून तिने टेबलावर आपटले.

"झालं. मासळीच विकते आता जन्मभर."

काउंटरवरचा मालक हसला. "रडतेस काय? पोलिसांत जा. पण आधी त्याच्यासमोर सगळ्यांना दिसेल असं आपलं नावगाव लिही. नाहीतर पोलीस म्हणतात, शिवी टोपणनावाला दिली, माणसाला कुठे दिली?"

पुढच्या डावातही अस्वल-नऊ आलंच. "तुझ्यापेक्षा आमची म्हातारी म्हैस बरी खेळेल." वीस वेळा.

यून-सलने डोळे पुसले आणि लिहिलं: "माझं नाव बे यून-सल. वय चोवीस. राहणार मोकपो. आत्ता बंदरामागच्या दुकानात तेरा नंबरवर बसले आहे. मी माणूस आहे आणि मला हे लागतं."

ओळी थांबल्या. दुकानात कुणीतरी शिट्टी मारली.

शेजारी खुर्ची करकरली. मावशी उठून गेली होती. आली ती नूडल्सचा वाडगा घेऊन, वर दोन अंडी फोडलेली.

"खा आधी," ती म्हणाली. आवाज बसलेला होता.

"मावशी, तुम्ही कशाला..."

"खा म्हटलं ना! आणि खाऊन झालं की तक्रार कर."

यून-सलने वाडगा बाजूला ठेवला. "पोलिसांत नको वाटतं. एखादं शाळकरी पोर निघालं तर? आयुष्याला डाग लागायचा."

मावशीने मनगटावरची जपमाळ काढून मुठीत धरली. मग नाक ओढून म्हणाली, "देव तुझं भलं करो. पोलिसांत नको. गेमवाल्यांकडे कर. त्याचं खातं बंद होऊ दे, एवढंच. ते बंद झालं तर त्याचंही भलंच होईल."

यून-सलने तक्रार केली. गुरुवारी अस्वल-नऊ फिरकलं नाही. तिने लागोपाठ सहा डाव जिंकले. मावशी स्वतःचा पत्त्यांचा डाव सोडून तिच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि काय चाललंय ते काडीचंही कळत नसताना "मार, मार!" ओरडत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच यून-सल पोट धरून हसली.

शुक्रवारी पाच वाजता ती अठ्ठ्याण्णवावर पोचली. त्याच वेळी गेमवाल्यांचं उत्तर आलं. तिने मोठ्याने वाचलं: "याआधीच्या तीन तक्रारी धरून ही चौथी. अस्वल-नऊ हे खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे."

मावशीने तिला गच्च मिठी मारली आणि हमसून हमसून रडली. यून-सललाही भरून आलं. परक्या बाईने आपल्यासाठी इतकं रडावं!

"चलते पोरी," मावशीने डोळे टिपले. "आता इथे यायची गरज नाही. उद्या नीट खेळ."

ती गेल्यावर यून-सलचं लक्ष चौदा नंबरकडे गेलं. प्रार्थनेचा कागद कीबोर्डखालीच राहिला होता. ती तो घेऊन धावतच रस्त्यावर आली, पण मावशी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली होती. कागदावर पत्ता असेल म्हणून तिने घडी उघडली.

"हाताला लकवा भरलाय का? जा, घरी जाऊन मुळे चीर," सुबक अक्षरात पहिली ओळ होती. तिच्याखाली म्हातारी म्हैस, आणि आणखी अकरा. त्याखाली लिहिलं होतं: "चार तक्रारी झाल्या की लेकीचं खातं कायमचं बंद. परीक्षेला बेचाळीस दिवस." आणि तळाला, ताज्या शाईत: "देवा, माझ्या लेकीबरोबर बे यून-सललाही पास कर."