खर्च कोणाकडे?

"ताई, शंभर पाठवायला सातशे खर्च? कमाल झाली!" काउंटरवरची मुलगी म्हणाली. ती या शाखेत नवीन होती म्हणून बोलली. जुन्यांनी कधीच नाद सोडला होता.

शिंपीणबाई दर महिन्याला शंभरच पाठवायच्या, परदेशातल्या धाकट्या भावाला. चार वर्षं तो त्यांचा फोन उचलत नव्हता. पैसे पोचले म्हणजे खातं चालू आहे, आणि खातं चालू आहे म्हणजे स्वारी धडधाकट आहे. त्यांना तेवढं कळलं तरी पुरे होतं.

"पण सातशे जातात तरी कुणाच्या घशात?" बाईंनी विचारलं.

मुलीने पावतीच्या पाठीवर तीन चौकोन काढले. "देशातल्या देशात चुटकीसरशी जातात, तेही जवळजवळ फुकट. बाहेर पाठवायचे तर आपल्या बँकेची त्याच्या बँकेशी ओळखच नाही, म्हणून मध्ये ही तिसरी. प्रत्येक जण थोडं थोडं कापतो. तुम्ही 'सगळा खर्च पाठवणाऱ्याकडे' यावर खूण करता ना, म्हणून त्याला पूर्ण मिळतात आणि भुर्दंड तुम्हाला."

"आणि नोटा? विमानाने जातात?"

"नोटा कुठल्या जायला! नुसता निरोप जातो. यांच्या नावावर एवढे जमा करा, म्हणून."

"अगं बाई! म्हणजे सातशे निरोपाचे. मग काही महाग नाही हो."

मुलगी हसली आणि त्यांचं खातं उघडून बघू लागली. मग थबकली. "ताई, परवा शंभर जमा झालेत. तिकडूनच."

"परत आले? खातं बंद केलं त्याने?"

"थांबा हं." मुलगी स्क्रीनवर वाकली. "परत आलेले पैसे येताना कापले जातात. हे बरोब्बर शंभर आहेत, आणि नव्याने पाठवलेत." तिने नाव वाचून दाखवलं. भावाचंच होतं. "खर्चही सगळा पाठवणाऱ्याकडे."

बाईंना समोरचं काही दिसेना. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"किती लागले असतील गं त्याला?"

"आपल्यापेक्षा जास्तच लागतात तिकडे."

"उधळ्या मेला! पहिल्यापासूनच तसा." नाक ओढत त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "घे. शंभर."

"आणि या वेळी खर्च?"

"माझ्याकडेच. मोठी मी आहे."