शिवपुत्रची ओळख

"शिक्षण एम.कॉम. गुंतवणूक सल्लागाराच्या सगळ्या परीक्षा पास. कंपनीकडून एकदा बँकॉक, दोनदा महाबळेश्वर." शिवपुत्रनं माईकवर एका दमात सांगून टाकलं. मग जरा हळू म्हणाला, "आता ते सोडलंय. मामांच्या शेंगाचटणीच्या दुकानात असतो."

वधू-वर मेळाव्यात कुणी टाळी वाजवली नाही. सोलापूरच्या त्या मंगल कार्यालयात निम्मी माणसं त्याची जुनी गिऱ्हाइकं होती.

मेळाव्याची रीत अशी, की स्वतःची माहिती सांगून झाल्यावर स्थळाची ओळख सभागृहातल्या कुणीतरी उठून द्यायची. नातेवाईक चालत नाही. कुणी उठलं नाही, तर स्थळ बाद. मागच्या मेळाव्यात शिवपुत्र असाच बाद झाला होता आणि जेवून घरी गेला होता. पण आज नाष्ट्याच्या रांगेत दानेश्वरी त्याच्याशी हसून बोलली होती. ती समोरच लग्नाच्या मुलींमध्ये बसली होती. आज त्याला बाद व्हायचं नव्हतं.

"ह्यांना कोण ओळखतं?" निवेदक महादेवप्पांनी विचारलं.

"सगळेच," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"चांगलं कोण ओळखतं?"

महादेवप्पांनी यादीतलं पुढचं नाव शोधायला घेतलं.

दुधनीच्या कमलम्मा गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्या पुरत्या उभ्या राहीपर्यंत शिवपुत्रनं उरलेलं आयुष्य चटणीत काढायची तयारी केली.

"ह्यानं सांगितलेलं एक बी खरं झालं न्हाय," माईक हातात येताच कमलम्मा म्हणाल्या. "पैसं दुप्पट हुतील म्हनला, निम्मं झालं."

महादेवप्पांनी माईक परत घ्यायला हात पुढं केला.

"थांबा की. बुडालं तवा दुसऱ्या एजंटांनी फोन बंद केलं. ह्यो एसटीनं दुधनीला आला. 'अव्वा, माझं चुकलं' म्हनून खाली बसला. जेव म्हनलं तर नको म्हनला. मग तीन भाकरी खाल्ल्या."

"आमच्यात रडला बी," पलीकडून धुळाप्पा म्हणाले. "आमीच समजूत काढली."

"आमच्याकडं तर मुक्कामच केला," आणखी कुणीतरी म्हणालं.

महादेवप्पांनी सभागृहाकडं पाहिलं. "मग ही ओळख धरायची का?"

दानेश्वरीनं हात करून माईक मागितला. मुलींनी माईक मागायची रीत नव्हती, पण द्यायचा नाही अशीही नव्हती.

"लग्नात नुकसान झालं, तर सांगायला घरी येणार का?"

पुढचं काही ठामपणे सांगायची सवय शिवपुत्रनं सोडली होती.

"तेव्हा घरीच असेन की," तो म्हणाला.